काठीमागचा पाय

माफी मागणं म्हणजे दोन मिनिटांचं काम, हे फौजियाला त्या आठवड्यात सगळ्यांनी समजावून सांगितलं. अब्बांनी सांगितलं, मामूंनी फोनवरून सांगितलं, शेजारच्या काकूंनी गच्चीतून वाकून सांगितलं. स्टेजवर जायचं, हात जोडायचे, आवाज जरा पडता ठेवून ‘माझं चुकलं’ म्हणायचं आणि खाली येऊन बसायचं. हॉकीच्या काठीची कुठली बाजू सपाट असते हे ज्यांना ठाऊक नव्हतं, तेही तिला माफी कशी मागावी ते शिकवत होते. फौजिया दात आवळून ऐकून घेत होती आणि माणूस उठून गेलं की भांडी जरा जास्तच आपटत घासत होती.

तिचा गुन्हा एवढाच, की तिचा पाय चेंडूला लागला.

दहा वर्षं ती भारताच्या संघात फुलबॅक होती. फुलबॅक म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यात उभी राहणारी बचावपटू. समोरच्या संघाच्या पोरी चेंडू घेऊन अंगावर धावून येतात आणि तो चेंडू पुढं जाऊ द्यायचा नाही, हे तिचं काम. गोल मारणारीचं नाव पेपरात येतं, तिच्या गळ्यात हार पडतात, ती टीव्हीवरच्या जाहिरातीत दूध पिते. फुलबॅकनं आज काय केलं असं विचारलं तर सांगायला काही नसतं, कारण जे व्हायचं होतं ते तिनं होऊ दिलेलं नसतं. या कामापायी फौजियानं डाव्या हाताची बोटं मोडून घेतली, भुवईवर टाके घेतले, गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि दर वेळी भांडून संघात परत आली. भोरात हे कुणाला माहीत नव्हतं. भोरात माहीत होता तो पाय.

ऑलिम्पिकला जायचं की नाही ते ठरवणारा सामना होता. समोर कोरिया. बरोबरी चालू होती, शेवटचं मिनिट उरलं होतं आणि नुसती बरोबरी टिकली असती तरी भारताचं काम होत होतं. तिकडून एक चेंडू जोरात आला. फौजियानं काठी जमिनीला टेकवली. चेंडू काठीच्या कडेला चाटला आणि काठीमागं असलेल्या तिच्या डाव्या नडगीवर आदळला. हॉकीत चेंडू पायाला लागणं म्हणजे फाऊल आणि गोलासमोरच्या ‘डी’त लागणं म्हणजे समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर. कोरियाच्या पोरींनी हात वर केले, पंचांनी शिट्टी वाजवली, कॉर्नर मिळाला, गोल झाला. संघ घरी आला. फौजियाही आली आणि पुढच्या शिबिराच्या यादीत तिचं नाव आलं नाही.

उरलेलं मोबाईलनं केलं. आधी लोक म्हणाले, दमली असेल. मग म्हणाले, वय झालं. मग कुणीतरी तिचं पूर्ण नाव वाचलं, फौजिया याकूब मुलाणी, आणि पाय मुद्दाम घातला होता हे एका दुपारीत ठरून गेलं. देश विकला. हिला जिथून आली तिथं पाठवा. ती जिथून आली होती ते भोर होतं आणि ती तिथंच परत आली होती, पण हे कुणाला सांगायचं? तिनं फोन गव्हाच्या डब्यात टाकला आणि वर झाकण लावलं. अम्मीनं दळणाच्या वेळी तो काढून कपाटावर ठेवला, तोपर्यंत तो तिथंच होता.

स्पर्धेला जाताना भोरच्या चौपाटी नाक्यावर तिचा भला मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर ती हसत होती आणि तिच्यापेक्षा दुप्पट मोठे गावचे पुढारी हनुमंतराव हात जोडून उभे होते. हरल्याची बातमी आली आणि सकाळपर्यंत फ्लेक्स उतरला. परवा पुण्याहून येताना तो तिला वाटेवरच्या वरवे गावातल्या एका गोठ्यावर दिसला, वैरणीवर अंथरलेला, तोंड खाली आणि पाय वर. ज्यानं नेला त्याचा तिला राग आला नाही. त्याची वैरण तरी कोरडी राहत होती.

तिचा खरा राग कुणावर होता, ते तिनं घरात काढलंच नाही. तो आनंदराव सरांवर होता.

आनंदराव सर शाळेतले खेळाचे शिक्षक. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी भोरात हॉकी म्हणजे सर आणि सर म्हणजे नदीकडचं ते लाल मुरमाचं मैदान. कापूरहोळला अब्बांच्या पंक्चरच्या दुकानाबाहेर लाकडाच्या दांडक्यानं नट टोलवत बसलेली पोर त्यांनी एसटीच्या खिडकीतून बघितली, पुढच्या थांब्याला उतरले आणि चालत मागं आले. अब्बांना म्हणाले, याकूबभाई, ही मला द्या. काठी त्यांनी दिली, बूट त्यांनी दिले, जिल्ह्याच्या निवडीला स्वतः घेऊन गेले. आणि तो पायही त्यांनीच दिला.

त्याचं असं आहे, की मुरमावर चेंडू सरळ येत नाही. खड्यावर आपटतो आणि काठीवरून टुणकन उडी मारून जातो. म्हणून सर पहिल्याच दिवशी सांगायचे, काठी टेकली की तिच्यामागं डावी नडगी लाव, वरून सुटला तर नडगीवर थांबेल. हे नियमात बसत नाही, पण त्या मैदानात बसतं. गणपती उठले की भोरात जी स्पर्धा भरते तिच्यात सगळेच असं खेळतात, म्हणून कधीकाळी सरांनीच एक तोंडी ठराव करून टाकला: चेंडू आधी काठीला आणि मग पायाला लागला, तर शिट्टी नाही. याला भोरचा नियम म्हणतात. शिरवळचे, वाईचे, सासवडचे संघ येतात, तेही मुकाट हाच नियम पाळतात. पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडं कुठं अशी हॉकी खेळत असतील तर देव जाणे.

हा नियम अंगात मुरवून फौजिया टर्फवर गेली. टर्फ म्हणजे कृत्रिम गवत; त्या हिरव्या टर्फवर चेंडू कसा येतो, तर पाटावरून सरकल्यासारखा, सरळ. तिथं काठीमागं पाय लावणं म्हणजे स्वतःहून गळा पुढं करणं. शिबिरातल्या प्रशिक्षकानं तिच्या डाव्या पायाला दोरी बांधून, ती मागून खेचत सराव करून घेतला. पोरी हसायच्या. पाय निघाला आणि दहा वर्षं निघालेला राहिला. पण त्या शेवटच्या मिनिटाला छाती भरून आली, डोळ्यांपुढं अंधारी आली, डोकं चालायचं थांबलं, आणि डोकं थांबल्यावर पाय आपला आपण भोरला परत गेला. हे तिला एकटीला कळत होतं. जगाला वाटत होतं की तिनं देश विकला.

शेवटी ती एका सकाळी मैदानावर गेली. सर कुंपणाला सायकल टेकवून उभे होते, आणखी वाळलेले, डोक्यावर तीच टोपी. मैदानात पोरी बचावाचा सराव करत होत्या. त्यांच्यात प्रेरणा नावाची एक पोर होती, राजगडाखालच्या पालीची. तिचा बाप गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी खाऊ घालायचा आणि ती इथं मावशीकडं राहून नववीत शिकत होती. चेंडू आला की ही पोर हलायची नाही, वाट बघायची. फौजियाला आत कुठंतरी बरं वाटलं, कारण हे शिकवून येत नाही. तेवढ्यात प्रेरणानं काठी टेकली आणि तिच्यामागं डावी नडगी लावली.

फौजियाचं डोकं सणकलं. नमस्कारबिमस्कार राहिला बाजूला.

“सर, अजून हेच शिकवताय तुमी?”

“मैदान तेच हाय,” सर म्हणाले. “मग दुसरं काय शिकवू?”

ती म्हणाली की या पायानं माझं वाटोळं झालं, आता या पोरींचं करू नका. सर म्हणाले की पुढं खेळायला आधी दात शाबूत लागतात. ती म्हणाली की सांगायचं तरी होतं, हे खोटं आहे, फक्त भोरात चालतं. त्यावर सर तिच्याकडं न बघता म्हणाले, की त्या वेळी तू भोरच्या बाहेर जाशील असं मला तरी कुठं वाटलं होतं. हे खरं होतं, आणि म्हणूनच तिला ते जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं प्रेरणाला हाताखाली घेतलं. सरांनी अडवलं नाही. पाय मागं, काठी पुढं, अंग खाली. पोर चलाख होती, दोन-तीन सकाळींतच पाय निघायला लागला. “ताई, असं मोकळं मोकळं वाटतंय,” असं म्हणून ती हसली आणि फौजियाला तोंडावर आलेलं हसू आवरता आलं नाही. तेव्हाच एक चेंडू खड्यावर आपटला, काठीवरून उडाला आणि थेट हनुवटीवर बसला. पाय असता तर नडगीवर थांबला असता.

रक्त बघून बाकीच्या पोरी मागं सरल्या. सरांनी टोपी काढून जखमेवर दाबली, रिक्षा थांबवली, पोरीला दवाखान्यात नेलं. टाके पडले. मावशी आली आणि तिनं दवाखान्याच्या दारातच फौजियाला धारेवर धरलं, तू मोठी खेळाडू असशील तुझ्या घरी, पोरीचं उद्या लग्न व्हायचंय. सर एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर तिला भांडता तरी आलं असतं. आता सरही बरोबर होते आणि तीही बरोबर होती, आणि दोघांच्या बरोबर असण्यानं पोरीची हनुवटी फुटली होती. चूक त्या मैदानाची होती, पण मैदानाशी भांडता येत नाही.

त्याच संध्याकाळी हनुमंतराव घरी आले. क्रीडा मंडळाचे अध्यक्ष, भोरची स्पर्धा भरवणारे, तालुक्यातलं सगळ्यात मोठं मंगल कार्यालय त्यांचं. अब्बांनी खुर्ची पुसली. हनुमंतराव अगदी मायेनं बोलत होते. पोरी, तुझ्याबद्दल लोक काय काय बोलतात, आम्हाला ऐकवत नाही. स्पर्धेचा अंतिम सामना आहे, सगळा तालुका असणार, वाहिनीवालेही येणार आहेत. स्टेजवर ये, दोन शब्द बोल, गावाची माफी माग, विषय संपला. मग जरा पुढं झुकून म्हणाले, “तसं कुणाचंबी चुकतं. पन तुमच्या लोकांनी जरा जास्तच सांभाळून ऱ्हायला लागतं, न्हाई का याकूबभाई?”

अब्बा ‘व्हय’ म्हणाले. तीस वर्षं ज्यांनी हनुमंतरावांच्या गाड्यांची पंक्चरं काढली, ते अब्बा मान खाली घालून ‘व्हय’ म्हणाले, आणि फौजिया उठून उभी राहिली. ती काही बोलणार, तेवढ्यात हनुमंतरावांनी दुसरा पत्ता टाकला. तू दोन शब्द बोललीस, लोक शांत झाले, की त्याच स्टेजवरून टर्फ जाहीर करतो. मैदानावर टर्फ. फाईल तयार आहे, आमच्या सहीवर अडली आहे.

टर्फचं नाव ती पहिल्यांदा ऐकत नव्हती. ती भारताकडून पहिला सामना खेळली तेव्हा टर्फ येणार होतं. आशियाई पदक घेऊन आली तेव्हा येणार होतं. दर निवडणुकीला ते कापूरहोळपर्यंत आलेलंच असायचं. पण या वेळी सही या माणसाची होती आणि तो माणूस तिच्या घरात चहा पीत होता.

रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. सकाळी ती सरांकडं गेली. हनुमंतराव त्यांच्याकडंही जाऊन आले होते. तिला वाटलं होतं, सर तरी म्हणतील की कसली माफी, काही गरज नाही.

“बोल ना दोन शब्द,” सर म्हणाले. “तुझं खेळून झालं. ह्या पोरींचं व्हायचंय.”

खेळून झालं, हे आजपर्यंत तिला तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. निवड समितीनंसुद्धा नुसतं नाव गाळलं होतं. ते पहिल्यांदा म्हणायला सर निघाले. तिला वाटलं, तिथली सायकल उचलून नदीत फेकावी. पण प्रेरणा तिथंच सरांच्या ओट्यावर बसली होती, हनुवटीला पांढरी पट्टी, आणि विचारत होती की टर्फवर खरंच पडलं तरी खरचटत नाही का. फौजिया म्हणाली, खरचटतं, पण चेंडू सरळ येतो. आणि मग म्हणाली, बोलते मी.

तो अंतिम सामना भोर विरुद्ध शिरवळ असा लागला. मैदानाच्या चारही बाजूंनी माणूस होता. पंच म्हणून सरच उभे होते. भोरात अंतिम सामन्याला कुणीही खेळो, शिट्टी सरांचीच असते, आणि आपल्या पोरींना त्यांनी कधी झुकतं माप दिलं असं शिरवळकरांनीही कधी म्हटलेलं नव्हतं. फौजियाला स्टेजवर हनुमंतरावांच्या शेजारी बसवलं होतं. तिनं संघाचा निळा कोट घालावा असा हनुमंतरावांचा निरोप आला होता. तिनं साधा पंजाबी ड्रेस घातला होता. मनात तिनं वाक्य बसवलं होतं: माझ्यामुळं गावाला वाईट वाटलं, मी माफी मागते. बस, एवढंच. पुन्हा पुन्हा ते ओठातल्या ओठात म्हणत ती सामना बघत होती.

सामना शून्य-शून्यवर अडला होता. वेळ संपत आली आणि शिरवळची एक उंच पोर सगळ्यांना चुकवून आत शिरली. भोरची गोलकीपर तिला अडवायला पुढं झेपावली आणि पालथी पडली. गोल उघडा. पोरीनं चेंडू मारला. गोलरेषेवर एकटी प्रेरणा उभी होती. ती हलली नाही. काठी टेकली, काठीमागं नडगी लावली, चेंडू काठीला चाटून नडगीवर ठाणकन आदळला आणि थांबला. प्रेरणानं तो तसाच पुढं टोलवला, भोरच्या पोरींनी तिकडं पळवला आणि शिरवळच्या गोलात घातला. सरांनी शेवटची शिट्टी वाजवली. एक-शून्य.

मैदान उठलं. हलगी वाजायला लागली, पोरांनी शर्ट काढून फिरवले. हनुमंतरावांनी माईक हिसकावून घेतला आणि प्रेरणाला स्टेजवर बोलावून स्वतःच्या हातानं फेटा बांधला. नडगीला मार बसलेली ती पोर एका पायावर भार टाकून उभी होती. “ह्याला म्हनत्यात पाय रोवून उभं ऱ्हाणं,” हनुमंतराव गरजले. “भोरची भिंत!” आणि लोकांनी ज्या टाळ्या वाजवल्या, त्या फौजियानं दहा वर्षांत स्वतःसाठी कधी ऐकल्या नव्हत्या.

मग त्यांनी आवाज खाली आणला. आता आपली एक लेक, जिच्या हातून मोठी चूक झाली, ती आपल्याशी दोन शब्द बोलणार आहे. टाळ्या थांबल्या. माईक फौजियाच्या हातात आला. वाक्य तयार होतं. पहिल्या रांगेत अब्बा बसले होते, हात मांडीत धरून. स्टेजवर तिच्या शेजारी फेट्यातली प्रेरणा, नडगीवर अंड्याएवढं टेंगूळ.

“मी माफी मागायला आले होते,” फौजिया म्हणाली. “त्याआदी एक सांगा. आत्ता ह्या पोरीनं चेंडू कशानं अडवला?”

“पायानं,” चार-पाच जण खुशीत ओरडले.

“टाळ्या कुणी कुणी वाजवल्या?”

लोक हसले. बरेच हात वर गेले.

“कोरियाच्या मॅचला माझा हाच पाय होता. काठीला लागून पायाला, असाच. ह्याच मैदानात शिकलेला. हितं त्याला फेटा बांधता, आणि तिथं लागला तर पोरीनं देश विकला?” हात खाली आले. आता तिला थांबता येईना. “टर्फ येतंय टर्फ येतंय म्हणून माझं आख्खं खेळणं संपलं. साहेबांच्या कार्यालयात वऱ्हाडाचा पाय घसरंल अशी फरशी हाय, आणि पोरींना खडी. परवा ह्या पोरीची हनुवटी फुटली. तिची माफी मागा कुणीतरी. मी न्हाई मागणार कुणाची.”

तिनं माईक टेबलावर ठेवला. हलगीवाल्यानं हलगी काखेत घेतली. हनुमंतराव हसले, असे हसले की जवळच्या लोकांनी नजर दुसरीकडं वळवली. त्यांनी माईक उचलला, म्हणाले की पोरीच्या मनात राग आहे, चालायचंच. टर्फबद्दल आज एक आनंदाची बातमी द्यायची होती, पण बाईंना आमचं कार्यालय डोळ्यात खुपतंय, तेव्हा टर्फचं काय ते आता वरचं सरकार बघेल. आपण बक्षीस समारंभाकडं वळू.

गेलं. एका वाक्यात गेलं. अब्बांनी चेहरा हातात घेतला. फौजियाला जराही पश्चात्ताप झाला नाही, आणि त्याच क्षणी तिनं प्रेरणाकडं बघितलं तर त्या पोरीचा चेहरा उतरलेला होता. ते मात्र तिला बघवलं नाही.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

सगळ्यांनी वळून बघितलं. सर मैदानात होते. ते गोलरेषेवर, प्रेरणा जिथं उभी होती बरोबर तिथं, जाऊन उभे राहिले होते आणि शिट्टी तोंडातून काढत होते. त्यांनी हात सरळ करून स्ट्रोकच्या खुणेकडं बोट दाखवलं. नक्की होणारा गोल पायानं अडवला, तर कॉर्नर नाही, थेट स्ट्रोक: समोर एकटी गोलकीपर आणि एक फटका.

“पाय होता,” ते म्हणाले. माईक नव्हता, तरी ऐकू आलं. “भोरचा गोल रद्द. शिरवळला पेनल्टी स्ट्रोक.”

आधी लोकांना ती गंमत वाटली. शिरवळच्या संघाबरोबर आलेले शिक्षक, तेही कधीकाळी सरांच्याच हाताखालचे, ते धावत मैदानात गेले आणि समजावू लागले की सर, सामना संपलाय, आम्ही हरलो, आमची तक्रार नाही, आपला नियम सगळ्यांना ठाऊक आहे.

“नियम म्याच केला व्हता,” सर म्हणाले. “मीच मोडतो. लावा चेंडू.”

मग गलका झाला. म्हातारा फिरलाय, कुणीतरी ओरडलं. शिरवळकडून किती मिळाले, दुसरा म्हणाला. एक चप्पल मैदानात येऊन पडली. हनुमंतराव स्टेजवरून ‘सर, सर’ करत होते. सर ढिम्म हलले नाहीत. चेंडू येतोय आणि आपण जागेवरून हलायचं नाही, हे ज्यांनी फौजियाला शिकवलं ते सर हे होते, दुसरे कोणी नव्हते. तिच्या पोटातला आठवडाभराचा राग तसाच होता, पण तो आता या माणसावर नव्हता.

शिरवळची उंच पोर आली. गोलकीपर रेषेवर उभी राहिली. शिट्टी झाली, पोरीनं चेंडू उजव्या कोपऱ्यात ढकलला आणि तो आत गेला. शिरवळच्या पोरींनी उड्यासुद्धा मारल्या नाहीत. सरांनी पुन्हा शिट्टी वाजवली आणि बोट शिरवळकडं केलं. भोर हरलं.

आणि मग जे झालं ते फौजियानं आधी एकदा बघितलेलं होतं, फक्त मोबाईलवर. लोकांना सरांना किती शिव्या द्यायच्या ते सुचेना, तेव्हा त्यांच्या नजरा फिरत फिरत स्टेजवर आल्या आणि फेट्यावर थांबल्या. पाय कशाला घातला गं, एक बाई म्हणाली. एवढी मोठी घोडी झाली, काठी कशाला असते मग? कुठली म्हणायची ही? वेल्ह्याकडची, पालीची. अगं मग आपली नव्हंच. मागून एका माणसाचा शांत, समजूतदार आवाज आला, “मुद्दाम घातला असंल.” याच माणसांनी पाच मिनिटांपूर्वी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांचे हात अजून लाल असतील.

फौजियाला कळलं की हे तिनं ओढवून आणलं. ती बोलली नसती तर सरांनी शिट्टी वाजवली नसती, आणि ही पोर फेटा घालून मावशीकडं गेली असती. मी बोलले ते खरं होतं, पुन्हाही बोलेन, पण शिव्या खायला मात्र नववीतली पोर उभी आहे. हा विचार तिला चावला. ती उठली आणि दुसरं काही येत नव्हतं म्हणून जे येत होतं तेच तिनं केलं. ती पोरीच्या आणि लोकांच्या मधे जाऊन उभी राहिली, पाय फाकवून, अंग जरा खाली घेऊन. जे काय येईल ते आधी माझ्या अंगावर येऊ दे.

समोरून येतच होतं. तिच्या बापाच्या दुकानावरून आलं, तिच्या नावावरून आलं. अब्बा आता पहिल्या रांगेत उभे राहिले होते आणि मान वर करून बोलणाऱ्यांकडं बघत होते. फौजिया हलली नाही. तिला वाटत होतं, पाठीमागं पोर रडत असेल.

तिच्या दंडाला मागून हात लागला.

“ताई,” प्रेरणा म्हणाली. तिनं फेटा काढून हातात घेतला होता आणि ती रडत नव्हती. टाका उसवून हनुवटीवरची पट्टी रक्तानं ओली झाली होती. “जरा बाजूला व्हा.”

“कशाला?”

“मुद्दाम म्हनलं ते कोण, मला बघू द्या.”

फौजिया बाजूला झाली.